गोल्फ, ससे आणि गावाचा माळ

मी गोल्फ खेळत नाही. तरीही स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजचा ‘ओल्ड कोर्स’ मला जवळचा वाटतो. खेळासाठी नव्हे, जमिनीसाठी.

तरुणांचा धनुर्विद्येचा सराव मागे पडू नये, म्हणून १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने गोल्फवर बंदी घातली होती. पुढे १५५२ च्या सनदेने सेंट अँड्र्यूजच्या किनाऱ्यालगतच्या वालुकामय माळावर खेळण्याचा नगरवासीयांचा हक्क मान्य केला. १७६४ मध्ये येथील २२ होल १८ वर आणले गेले. कालांतराने तीच संख्या जगभर रूढ झाली.

मात्र १७९७ मध्ये नगरपरिषद दिवाळखोर झाली आणि माळ तिच्या हातून गेला. तेथे व्यापारासाठी ससे पाळले जाऊ लागले. ससेवाले आणि गोल्फपटू यांचे खटले सुमारे दोन दशके चालले. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या गोल्फप्रेमी जमीनदाराने तो माळ विकत घेऊन मैदान वाचवले. १८९४ मध्ये संसदेच्या कायद्याने तो पुन्हा नगराच्या मालकीचा झाला.

२००८ मध्ये नगराजवळच्या कड्यावर ‘कॅसल कोर्स’ सुरू झाला, तोही सार्वजनिकच. ओल्ड कोर्सवर रविवारी सहसा खेळ बंद असतो आणि लोक तेथे मोकळेपणाने फिरतात.

आपल्याकडील गायरानांचे वाद वाचताना मला हा माळ आठवतो. हाती सनद असूनही तो गेला होता. परत मिळाला, कारण त्यावरचा हक्क लोक विसरले नव्हते.