मुरण्याची जागा

आमच्या घरात मद्य कुणी घेत नाही. त्यामुळे २०१४ च्या हिवाळ्यात लंडनहून आलेल्या दादाने बॅगेतून काळपट काचेची एक बाटली काढली, तेव्हा आईच्या चेहऱ्यावरचा प्रश्न लपला नाही. ‘आई, द्राक्षासवच आहे, पोर्तुगालचं,’ असे म्हणून दादाने वेळ मारून नेली. आसव जितके जुने तितके गुणवान, हे शार्ङ्गधरसंहितेलाही मान्य असल्याने आईची समजूत पटली. बाटलीवर साल होते २०११, माझ्या मुलीच्या जन्माचे. अपत्याच्या जन्मवर्षाची पोर्ट राखून ठेवायची आणि ते एकवीस वर्षांचे झाले की उघडायची, हा इंग्रजांचा जुना रिवाज. ‘तू फक्त सांभाळ,’ दादा म्हणाला.

पोर्ट म्हटले की आपल्याला गोव्याहून येणारी स्वस्त, गोड बाटली आठवते. ही तिची दूरची, मानी नातलग. १७५६ मध्येच सीमा आखून दिलेल्या दोरू नदीच्या खोऱ्यात द्राक्षरस आंबत असतानाच त्यात द्राक्षांचा मद्यार्क मिसळतात. आंबणे थांबते, फळाची साखर शिल्लक राहते आणि मद्यार्काचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांवर जाते. निवडक, उत्तम वर्षांचीच पोर्ट ‘व्हिंटेज’ म्हणून जाहीर होते. ती पिंपात जेमतेम दोन-अडीच वर्षे राहते. मग न गाळता बाटलीत भरली जाते आणि पुढची कित्येक दशके तिथेच, अंधारात, आडवी पडून मुरते. तिला हवा असतो तेरा-चौदा अंशांचा अढळ गारवा. आणि मी राहतो नागपुरात, जिथे २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेला होता!

पहिले दोन उन्हाळे ती महालातल्या जुन्या घराच्या माजघरात सुखाने राहिली. हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, शेजारी आईच्या लोणच्याच्या बरण्या. पुढे ते घर पाडले गेले आणि आम्ही सदनिकेत आलो, अगदी वरच्या मजल्यावर. बाटली जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात गेली. दादा फोनवर विचारी, ‘बाटली कशी आहे?’ मी सांगे, ‘गार आहे.’ असे आठ उन्हाळे गेले.

२०२४ च्या जूनमध्ये धोतरावर जांभळा डाग दिसला. बूच किंचित वर सरकले होते. त्या दिवाळीत दादा आला, तेव्हा काही न बोलता मी ते धोतर त्याच्यापुढे ठेवले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘उघडू या.’

मलमलीतून गाळ काढून आम्ही दोघांनी घोट-घोट घेतला. रंग विटकरी झालेला. चव उकळलेल्या मनुकांची, थोड्या करपलेल्या गुळाची. पूर्वी मदेरा बेटाची वाइन पिंपांतून हिंदुस्थानापर्यंत नेऊन परत आणत, कारण उष्ण समुद्रावरच्या प्रवासात ती अधिक चांगली होई, असे दादाने सांगितले. ‘तुझ्यासाठी मदेराच आणायला हवी होती,’ म्हणत तो हसला. मला मात्र हसू आले नाही. ‘मुरणे’ हे क्रियापद मी वर्गात कौतुकाने शिकवतो; पण मुरायला नुसता काळ पुरत नाही, जागा लागते, आणि जागा नसेल तर तसे सांगणारा माणूस लागतो.

दादाने आता २०११ ची दुसरी बाटली घेऊन लंडनमध्येच ठेवली आहे. फोनवर हल्ली मीच विचारतो, ‘बाटली कशी आहे?’