थुक थे बाहीर!

सातवीच्या वह्या तपासत होते. निम्म्याहून जास्त पोरांनी एकच चूक केली होती. ‘खडू खाली पडला आहे, तो उचल’ याचं इंग्रजी त्यांनी ‘पिक अप इट’ असं लिहिलं होतं. अशा वेळी लाल शाईनं ‘इट’ला गोल करायचा, बाण काढून त्याला मधे ढकलायचं आणि खाली सही करायची, हे मी कित्येक वर्षं करत आले आहे. एखाद्यानं विचारलंच, “मॅडम, इट मधातच काऊन?” तर “इंग्रजीत तसंच असते” म्हणून मोकळं व्हायचं. आम्ही पाचवीत एबीसीडी शिकलो तेव्हा आमच्या बाईंनीही हेच सांगितलं होतं. २००० सालापासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आलं, पण ‘तसंच असते’ तेवढं तसंच राहिलं.

आमची शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात. दिवस कापूस वेचणीचे होते. दुपारच्या सुट्टीत एका पोराची आई शेतातून थेट शाळेत आली, कमरेला वेचणीचं फडकं तसंच. पोरगं गाल फुगवून काहीतरी चघळत होतं. बाईनं एकदाच पाहिलं आणि वऱ्हांड्यातून आवाज दिला, “काय हाय रे तोंडात? थुक थे बाहीर!”

पोरानं सुपारी थुकली. मी मात्र हातात लाल पेन धरून तशीच बसले. थुक, थे, बाहीर. स्पिट, इट, आउट. शब्दाला शब्द जुळत होता.

शांतपणे बोलताना आपण ‘ते खाली ठेव’, ‘ते बाहेर काढ’ असं म्हणतो. क्रियापद शेवटी येतं. राग आला की तेच क्रियापद उडी मारून पुढे येतं: ठेव ते खाली! काढ ते बाहेर! फेक ते दूर! आधी क्रियापद, मधे सर्वनाम, शेवटी क्रियाविशेषण. मराठी आई चिडल्यावर ज्या क्रमानं बोलते, त्याच क्रमानं इंग्रज माणूस न चिडता बोलतो.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, “घरी तुमच्यावर कसे ओरडतात?” असा प्रश्न पोरांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. फळा दहा मिनिटांत भरला. शेजारी मी इंग्रजी लिहीत गेले: पुट इट डाउन, टेक इट आउट, थ्रो इट अवे. ‘इट’ कुठे ठेवायचं, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

पण ‘इट’ मधे का, याचं उत्तर मला तरी हवं होतं. ‘पिक अप द चॉक’ चालतं, ‘पिक द चॉक अप’ही चालतं. मग अडतं ते फक्त ‘इट’पाशी. ‘इट’ म्हणजे आधीच ठाऊक असलेली वस्तू, नवं काहीच नाही, म्हणून त्याच्यावर जोर पडत नाही. इंग्रजी वाक्याला सहसा शेवटी जोराचा शब्द लागतो. तो जोर ‘अप’ घेतो, ‘इट’ला तो पेलत नाही. मराठीला ही अडचणच नाही. खडू डोळ्यांसमोर पडलेला असला की आपण नुसतं ‘उचल’ म्हणतो, सर्वनाम गाळूनच टाकतो. इंग्रजीला इथे गाळता येत नाही, म्हणून ती त्याला दोन धडधाकट शब्दांच्या मधे उभं करते, घरातल्या नवख्या सुनेसारखं.

नियम सापडल्याचा माझा आनंद आठवडाभर टिकला. मग एका हुशार पोरीनं वहीत लिहिलं, ‘लुक इट ॲट’. माझ्याच नियमाचं हे पिल्लू.

उत्तर निघालं मराठी व्याकरणातच. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून आजच्या शालेय पुस्तकापर्यंत जो भेद शिकवतात तो असा: ‘तो वर चढला’ यातलं ‘वर’ क्रियाविशेषण, सुटं लिहायचं. ‘तो झाडावर चढला’ यातलं ‘वर’ शब्दयोगी, नामाला चिकटलेलं. शब्द तोच, नातं वेगळं. इंग्रजीतही तसंच. ‘सिट ऑन इट’ म्हणजे ‘बस त्याच्यावर’. इथे ‘वर’ सर्वनामाला चिकटलंय, म्हणून ‘ऑन’ आणि ‘इट’ यांची ताटातूट करायची नाही. ‘लुक ॲट इट’ म्हणजे ‘पाहा त्याच्याकडे’, तेही तसंच. ‘पुट इट ऑन’ म्हणजे ‘घाल ते अंगात’. इथे ‘ते’ मोकळं आहे, म्हणून ‘इट’ मधे जातं.

हेही सगळीकडे चालत नाही. ‘गिव्ह इट अप’ म्हणजे ‘सोड ते’. त्यातलं ‘अप’ मराठीत शोधून सापडत नाही. तिथे पाठांतरच. सॅम्युएल जॉन्सननं १७५५ च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत अशी क्रियापदं परक्यांना फार जड जातात, हे कबूल करून ठेवलंय. मला त्याचा आधार वाटतो.

कधी कधी तर एका ‘अप’मध्ये अख्खा व्यवहार असतो. आमच्याकडे बाई कापूस वेचते, ती ‘पिक्स’. व्यापारी तो उचलतो, तो ‘पिक्स इट अप’. आणि ‘टेक इट बॅक’, ‘घे ते परत’, याला जिल्ह्यात उदाहरण शोधावं लागत नाही. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा इंग्रजीत लिहिणाऱ्या नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं आणि परत घेतलं. वर्गात मी हे उदाहरण देत नाही. लेखात देते.

माझ्या वर्गात कोलामांच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणारी एक मुलगी आहे. कोलामी ही द्राविडी भाषा, मराठी ती शाळेतच शिकली. वर्ग फळ्यावरच्या ओरडण्यांना हसत होता तेव्हा ती गप्प होती. नंतर जवळ बोलावून विचारलं, “तुझी माय कशी ओरडते?” तिनं हळू आवाजात एक वाक्य म्हणून दाखवलं. मी तिला ते तीनदा म्हणायला लावलं. त्यात क्रियापद कुठलं आणि ‘ते’ कुठलं, हे मला ओळखता आलं नाही.

तिच्या वहीत अजून ‘पिक अप इट’च आहे. त्याला मी अजून लाल गोल केलेला नाही.