मडक्यातली पिल्लं

६ नोव्हेंबर

हिरव्या बजी पोपटांच्या मडक्यात आज पहिलं अंडं दिसलं. मादीच्या चोचीवरची पट्टी दिवाळीपासूनच गडद तपकिरी आणि खरखरीत झाली होती, नराची निळीशार. तेव्हाच म्हटलं, आता वेळ आली. मडकी देताना मिरजेच्या चाचांनी बजावलं होतं, "ताई, बूड खोलगट पाहिजे आणि आत रंध्याचा भुसा पाहिजे. सपाट बुडात पिल्लाचे पाय फाकतात. मग ते जन्मभर दांडीवर धड बसत नाही." सुताराकडून आणलेला भुसा मादीनं उकरून निम्मा बाहेर फेकला. मी पुन्हा भरला.

९ नोव्हेंबर

काल दुसरं. दिवसाआड एक, असा बजींचा नेम. वाटीत राळे, वरी, थोडी बाजरी. रोज शेवग्याचा पाला. जाळीला समुद्रफेनाची वडी बांधलेली. मादी ती अधाशासारखी कुरतडते. कवचासाठी लागणारा चुना तिला अंगातूनच काढावा लागतो. तो कमी पडला की कवच मऊ राहतं, अंडं आत अडकतं, आणि अडकलेल्या अंड्यानं मादी रात्रीतून जाऊ शकते. वर्षाच्या आतल्या मादीला मडकं द्यायचं नाही हा नियम मी त्यासाठीच कडक पाळते. बाजारात कोवळ्या माद्या "लगेच अंडी देईल" म्हणून विकतात, त्याचा मला संताप येतो.

१६ नोव्हेंबर

मादी विष्ठेसाठी बाहेर आली तेवढ्यात पाचही अंडी टॉर्चवर धरून पाहिली. अंड्यांवर बसलेली मादी तासन्‌तास रोखून धरते आणि मग एकदमच भलामोठा गोळा टाकते. ते आजारपण नव्हे. पहिल्या दोन अंड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या. तिसरं नुसतं पिवळसर, आरपार उजेड जाणारं, म्हणजे रिकामं. चौथ्यात बारीक ठिपका असल्यासारखं वाटलं. पाचवं परवाचंच आहे, त्यात अजून काही दिसायचं नाही. रिकामं अंडंही आत राहू दिलं. पिल्लं लहान असताना त्यांना त्याचा टेकू होतो.

दुसरी जोडीही, शेजारच्या पिंजऱ्यातली निळी, परवापासून बसली आहे. दोन जोड्या एका पिंजऱ्यात ठेवायच्या नाहीत. मडक्यावरून माद्या एकमेकींचे पाय फोडतात.

२१ नोव्हेंबर

झेब्रा फिंचच्या टोपलीत काल एक अंडं, आज दुसरं. त्यांचं रोजचं एक. नर मात्र अजूनही काथ्याचे धागे आणून आत कोंबतोय. असं चालू राहिलं तर अंड्यांवर नवा थर चढतो आणि खालची अंडी थंड पडतात. सगळा काथ्या काढून घेतला. नरानं थोडा वेळ चोचीत पिसाचा एक तुकडा धरून फेऱ्या मारल्या, मग दांडीवर बसून गाऊ लागला.

२४ नोव्हेंबर

पहाटे मडक्यातून चिवचिव. अठराव्या दिवशी, अगदी वेळेवर. पिल्लू माझ्या अंगठ्याच्या पेराएवढं, उघडं, डोळे मिटलेले. मादीनं त्याला पाठीवर उताणं करून भरवलं. पहिले काही दिवस ती असंच भरवते. नर तिला भोकाशी येऊन भरवतो, ती पिल्लाला. आई म्हणाली, "अगं, घरात बाळंतीण आहे, मिक्सर लावू नकोस." मीही लावला नाही.

५ डिसेंबर

आज दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

हिरव्या मडक्यात चार पिल्लं झाली, पण थोरलं आणि धाकटं यांच्यात आठ दिवसांचं अंतर. मादी पहिल्या अंड्यापासूनच बसते, त्यामुळे पिल्लंही दिवसाआडच निघतात. थोरल्याचे डोळे उघडलेत, अंगावर राखाडी लव आली आहे. धाकटं तीन दिवसांचं. सकाळी ते तिघांच्या खाली चेपलेलं सापडलं. गळ्याखालची अन्नपिशवी अगदी सपाट, कातडीला सुरकुत्या. अंग गार.

हातावर भरवण्याचा मोह झाला. पण इतक्या लहान पिल्लाला पहिल्या दिवसांत आईच्या पोटातून येणारा दाट रस लागतो, तो माझ्या कुठल्या चमच्यात? शिवाय पातळ पेज श्वासनलिकेत गेली की संपलंच. मी ओंजळीत धरून त्याला ऊब दिली आणि निळ्या जोडीच्या मडक्यात ठेवलं. तिथे त्याच्याच वयाचं एक आणि एक दिवसाचं एक, अशी दोन पिल्लं आहेत. बजी मादी पिल्लाची मोजदाद करत नाही. वयाचं आणि आकाराचं जमलं की सहसा परक्याला भरवते.

दुपारी पाहिलं, अजून सपाट. चारला पुन्हा पाहिलं, तसंच. सहाला टॉर्च लावला तर पिशवी टम्म, मोत्यासारखी, आणि पातळ कातडीतून आत पांढुरका रस सरकताना दिसत होता. आईला हाक मारली. ती चष्मा शोधत आली आणि बघतच राहिली.

१४ डिसेंबर

रंग कळू लागले. हिरव्या जोडीचं दुसरं पिल्लू चक्क निळं! खालच्या मजल्यावरच्या काकूंना खात्री आहे की पिल्लांची अदलाबदल झाली. झालेली नाही, हलवलं ते धाकटं, आणि ते अजून निळ्यांच्याच मडक्यात आहे. निळेपणा हिरव्याखाली दबून राहतो. आई आणि वडील दोघांनीही तो अंगात लपवलेला असेल, तर दर पिल्लामागे चारात एक अशी शक्यता असते. ऑस्ट्रेलियाच्या माळांवर थव्यानं उडणारे बजी हिरवेच. पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्डनं १८४० साली जिवंत पक्षी इंग्लंडात नेले, आणि पुढे युरोपातल्या पिंजऱ्यांत निळे, पिवळे, पांढरे निघत गेले.

१९ डिसेंबर

काकूंनी विचारलं, "एखादं राघूचं पिल्लू मिळवून देतेस का, बोलणारं?" स्पष्ट नाही म्हटलं. आपला राघू, आपली मुनिया, हे इथले रानपक्षी. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते पकडणं, विकणं आणि पाळणं गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली किती पिल्लं वाटेतच मरत असतील. मुनियांना तर हिरवा-पिवळा रंग फासून परदेशी म्हणून खपवतात. ज्याला पक्षी पाळायचा आहे त्यानं पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात जन्मलेला घ्यावा, आणि एकटा घेऊ नये. काकू जरा रुसल्या आहेत.

२७ डिसेंबर

थोरलं आज मडक्याबाहेर पडलं. भोकात तासभर डोकं काढून बसलं, मग भप्पकन खाली. कपाळावर चोचीपर्यंत काळ्या रेघा, डोळे पूर्ण काळे. नर त्याला खाली जाऊन भरवतोय. फिंचची चार पिल्लंही टोपलीबाहेर आली. त्यांच्या चोची अजून काळ्या आहेत.

स्वयंपाकघरातला नॉनस्टिक तवा मी आजपासून हद्दपार केला. तो जास्त तापला की त्याच्या धुरानं पिंजराभर पक्षी मरू शकतात, आणि आमची गॅलरी स्वयंपाकघराला लागूनच आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. बाहेर "काटे"ची आरोळी, आत एक फिंचचं पिल्लू दांडीवर बसून पुटपुटतंय. नर आहे म्हणायचा. झेब्रा फिंचच्या माद्या गात नाहीत. ही पिल्लं या वयात बापाचं गाणं ऐकून शिकतात, म्हणूनच मेंदू भाषा कशी शिकतो हे अभ्यासणारे शास्त्रज्ञ फिंच पाळतात. अजून त्याला सूर सापडलेला नाही. बापाच्या ओळीतला शेवटचा किरकिरा तुकडा तेवढा ओळखू येतो. मी बापाला दुसरीकडे हलवणार होते, तो बेत रद्द केला.

२० जानेवारी

मडकी काढली. हिरवी मादी जाळीला लटकून चोच घासत ओरडतेय. तिला लगेच पुन्हा अंडी घालायची आहेत. मला नाही घालू द्यायची. तिचं वजन उतरलंय, आणि आता ऊनही वाढत जाईल. मुख्य म्हणजे या पिल्लांसाठी जितकी घरं ठरली आहेत त्याहून एकही जास्त पिल्लू मला नको. नीट सांभाळला तर बजी सात-आठ वर्षं जगतो. "सोडून द्या की, उडू देत," असं सुचवणारे भेटतात. सोडलेल्या बजीला कावळा संध्याकाळ बघू देत नाही.

निळं आणि धाकटं कुपवाडच्या एका शिक्षिकेकडे जातील, दोघं मिळून. त्यांनी हातभर लांबीचा पिंजरा दाखवला, तो मी नाकारला. आता दुप्पट लांबीचा केला आहे. रविवारी येतील. बरोबर आठवडाभराचे राळे आणि वरी देणार आहे, कारण दाणा एकदम बदलला की पिल्लं खाणं टाकतात.