भिंतीपलीकडचा ब्योमकेश

माणसाचा खरा स्वभाव ओळखायचा असेल, तर त्याला राजकारणावर बोलतं करू नये. राजकारणावर तो सकाळी वर्तमानपत्रात वाचलेलंच आपल्याला ऐकवतो. त्याला विचारावं, ‘काय हो, तुमचा आवडता गुप्तहेर कोण?’ मग बघा, एरवी गोगलगाईसारखा वावरणारा गृहस्थ कसा बाह्या सरसावून बसतो ते!

हे मी अनुभवानं सांगतो. १९९३ साली दूरदर्शनवर बासू चटर्जींची ‘ब्योमकेश बक्षी’ ही मालिका लागत असे. तेव्हा डोंबिवलीच्या आमच्या दोन खोल्यांत दर आठवड्याला एक साहित्य संमेलन भरे. बाहेरच्या खोलीत आमचा काळापांढरा टीव्ही आणि त्याच्यासमोर चार माणसं : नाना, शेजारच्या इमारतीतले भाऊकाका, दादा आणि मी. माणसं चार आणि मतंही बरोबर चार. एकाचं मत दुसऱ्याला पटलं असं एकदाही घडलं नाही.

भाऊकाकांचा पिंड बाबूराव अर्नाळकरांवर पोसलेला. झुंजार आणि काळापहाड यांच्या संगतीत ज्याचं बालपण गेलं, त्याला हा धोतर नेसून खुर्चीत विचार करत बसणारा बंगाली कसा रुचावा? “अरे, हा उठून धावत का नाही?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. रजित कपूर काम चांगलं करतो, हे ते मान्य करत. पण गुप्तहेरानं निदान एक भिंत तरी ओलांडली पाहिजे, या मुद्द्यावर ते शेवटपर्यंत अडून राहिले.

दादा होता ‘करमचंद’चा भक्त. १९८५ साली पंकज कपूरनं काळा चष्मा लावून गाजर चावत चावत खुनी पकडले, तेव्हापासून दादानं दुसऱ्या कुणाला गुप्तहेर मानलंच नाही. किटीचं काम करणाऱ्या सुष्मिता मुखर्जीची तो नक्कलही करी. “ह्या ब्योमकेशला विनोदाचं वावडं आहे,” असं म्हणून तो गाजर नाही म्हणून काकडी चावे.

नानांना मात्र ब्योमकेश मनापासून आवडे. तो स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नाही, ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो, याचंच त्यांना फार कौतुक. त्यांना आणखी एका गोष्टीचा अभिमान होता. ब्योमकेशचे जनक शरदिंदू बंद्योपाध्याय यांनी त्याची पहिली कथा लिहिली १९३२ साली. पुढे १९३८ साली ते चित्रपटकथा लिहायला मुंबईला आले आणि १९५२ साली पुण्यात येऊन राहिले. “म्हणजे कलकत्त्याच्या हॅरिसन रोडवरचे कितीतरी खून पुण्यात बसून झालेले आहेत!” हे वाक्य नाना अशा थाटात टाकत, की जणू त्या खुनांचा पंचनामा त्यांनीच केला होता.

आणि मी? मी तेव्हा कॉलेजात होतो. त्यामुळे सर्वांहून वेगळं मत असणं मला भागच होतं. के. के. रैनाचा अजित हा रजित कपूरच्या ब्योमकेशहून सरस आहे, असं मी ठासून सांगत असे. खरं म्हणजे मला तसं फारसं वाटत नव्हतं. पण नाना चिडत, आणि त्या वयात तेवढं पुरे असे.

असे आम्ही चौघे पुराव्याच्या मागे लागलेले. आणि एक पुरावा दर आठवड्याला आमच्या ताटात पडत होता, तो मात्र एकालाही दिसला नाही. ज्या दिवशी मालिका असे, त्या दिवशी भात हटकून कच्चा राही. नाना म्हणत, “लक्ष कुठं असतं तुझं?” आई काही बोलत नसे. आम्ही तो भात चावत चावत खुन्याच्या हेतूची चर्चा पुढे चालू ठेवत असू.

मधे पुष्कळ वर्षं गेली. भाऊकाका गेले, २०११ साली नानाही गेले. दादानं बंगळुरात बिऱ्हाड केलं. २०२० च्या मार्चअखेर सारा देश घरात बसला, तेव्हा दूरदर्शननं जुन्या मालिका पुन्हा दाखवायला सुरुवात केली, त्यांत आमचा ब्योमकेशही होता. घरात आई आणि मी दोघंच. मी आईला म्हटलं, “चल, तुझा जुना दोस्त आलाय.” ती पदराला हात पुसत आली आणि टीव्हीसमोर बसली.

पडद्यावर रजित कपूर दिसला मात्र, आई पुढे झुकून म्हणाली, “अगंबाई! हा एवढा पोरगेला होता होय?”

मी हसलो. म्हटलं, “असं काय करतेस? अख्खी मालिका पाहिलीस की तू.”

“पाहिली कुठं? ऐकली,” आई म्हणाली. “तुम्ही बाहेर बसायचात. माझं आत ओट्याशी चाललेलं असायचं. मधे भिंत. मला आपला आवाज यायचा.”

मी काही बोललो नाही. आईच पुढं बोलत राहिली, जसं काही तीस वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी विचारलं होतं. आणि मी तर अजून विचारलंही नव्हतं.

“ऐन शेवटी तो खुनी कोण ते सांगायला लागला, की नेमकी कुकरची शिट्टी व्हायची. मग मी गॅस बंदच करून टाकायची. भात कच्चा राहायचा, तुझे बाबा ओरडायचे. ओरडू देत. नाव तर ऐकू यायचं!”

मी तिला विचारलं, “आणि कळायचं तुला, चेहरे न बघता?”

“चेहऱ्यानंच तर माणूस फसतो. जो फार गोड बोलायचा, त्याच्यावर मी लक्ष ठेवायची. दहांतले सात वेळा बरोबर निघायचं.”

मग मी तिला सगळी मतं विचारली. ब्योमकेशचा आवाज तिला आवडत असे, कारण तो कुणावर खेकसत नाही. पण तिचा खरा जीव अजितवर. “तो ऐकून घेतो. घरात ऐकून घेणारा एक तरी माणूस लागतो,” असं ती म्हणाली. जे मत मी नानांना चिडवण्यासाठी वर्षभर मिरवलं, ते भिंतीपलीकडे कुणाचं तरी खरंखुरं मत होतं! सत्यवतीचं काम करणारी सुकन्या कुलकर्णी ही ‘आपल्याकडची’ आहे, हेही तिनं हिंदी ऐकूनच ताडलं होतं. सत्यवतीबद्दल मात्र तिची तक्रार होती. भावावर खुनाचा आळ येतो तेव्हा केवढी धीराची असते ती मुलगी! “आणि लग्न झालं की चहा घेऊन येते. तिला एक तरी खून सोडवायला द्यायचा होता.”

त्याच वर्षी ४ जूनला बासू चटर्जी गेल्याची बातमी आली. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “त्यांना कळवायला हवं होतं रे, की तुमचं चित्र न बघतासुद्धा सगळं समजत होतं म्हणून.” दिग्दर्शकाची याहून मोठी तारीफ कुठल्या समीक्षकानं केली असेल असं मला वाटत नाही. पण ती तारीफ ऐकताना मला सुख झालं नाही. आम्ही चौघे सत्यान्वेषी. आणि हाक मारली असती तर दोन पावलांत बाहेर आली असती, अशी साक्षीदार आम्ही वर्षभर तपासलीच नाही. हाक मारली ती फक्त पाण्यासाठी.

त्या दिवसांत घरकामाला येणाऱ्या बाई टाळेबंदीमुळे बंद होत्या. मालिकेच्या वेळी आईला खुर्चीत बसवून स्वयंपाकघरात मी जाऊ लागलो. कुकर लावायचा, चहा ठेवायचा आणि भिंतीआडून ऐकायचं. तुम्हाला सांगतो, हे काम वाटतं तितकं सोपं नाही. भांड्यांच्या आवाजात अर्धी वाक्यं विरून जातात. कोण आलं, कोण गेलं काही कळत नाही. मी दर वेळी चुकीच्याच माणसाला खुनी ठरवी.

एके दिवशी ब्योमकेश अगदी नाव घ्यायच्या बेतात होता, आणि कुकर फुसफुसू लागला. मी झटकन गॅस बंद केला.

जेवताना आईनं पहिला घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “भात कच्चा आहे.”

मग तिनं आणखी थोडा वाढून घेतला.