खांब संपतात तिथले गॅरेज

मुंबई-गोवा महामार्ग सोडून लोणेऱ्याहून गोरेगावमार्गे आंबेतला आले की सावित्री नदी आडवी येते. बॅरिस्टर अंतुले यांचे हे गाव. पूल ओलांडला की पलीकडे म्हाप्रळ, आणि तिथून मंडणगडची चढण सुरू होते. या पट्ट्यात पावसाळ्यात ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तरीही एप्रिल लागला की इथल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन दरीतल्या विहिरीची वाट धरतात. कारण पायाखालचा जांभा. हा दगड चाळणीसारखा सच्छिद्र. वरून पडलेले पाणी त्यात मुरते, झऱ्यांवाटे उतरते आणि खाडीला मिळते. सडा पुन्हा कोरडा.

माझे आजोळ याच बाजूला, खाडीकाठच्या मोहल्ल्यात. यंदाच्या मे महिन्यात गेले ती खास मामेभावाचे गॅरेज पाहायला. सोळा वर्षे कुवेतमध्ये मेकॅनिकचे काम करून तो परत आला. पॉवर टिलर, ग्रासकटर, मोटारसायकली दुरुस्त करायचे त्याने ठरवले. मोहल्ल्यात गाडी वळवायलाही जागा नाही, म्हणून वर सड्यावर, डांबरी रस्त्यालगत वडिलांची जमीन होती तिथे शेड घालायचे ठरले. अडचण एकच. विजेचे खांब खालीच संपतात आणि नळाची पाइपही तिथपर्यंतच.

नवे खांब येण्याची वाट पाहता आली असती. पण ३ जून २०२० चे निसर्ग वादळ या भागातला कोणी विसरलेला नाही. श्रीवर्धन-दिवेआगरजवळ ते किनाऱ्याला धडकले आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत झाडे, छपरे, खांब सगळे आडवे झाले. कित्येक वाड्यांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. "खांब आले तरी माझा धंदा त्यांच्या भरवशावर किती दिवस ठेवायचा?" असे तो म्हणतो.

शहरातला एक विक्रेता सड्यावर येऊन गेला. त्याने छप्पर पाहिले आणि त्यावर मावतील तेवढ्या पॅनेलचे अंदाजपत्रक काढले. कोणती यंत्रे, रोज किती वेळ चालणार, हे विचारलेच नाही. भावाने तो कागद बाजूला ठेवला आणि बायकोला विचारले. तिचे उत्तर सरळ होते: "आधी पाण्याचे बघा. वीज नसली तर हातावरचे काम होईल. पाणी नसले तर तुमच्या माणसांसाठी हंडा माझ्याच डोक्यावर येणार."

म्हणून पाण्याचा हिशेब आधी झाला. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. शेड १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद, म्हणजे ९६ चौरस मीटर. ३,००० मिलीमीटर पाऊस धरला तर २ लाख ८८ हजार लिटर. उडून, सांडून पाचवा हिस्सा गेला तरी २ लाख ३० हजार उरतात. आता गरज किती? चार माणसांचे पिणे, हातपाय धुणे, वुजू, शौचालय आणि सुट्या भागांची धुलाई मिळून दिवसाला १५० लिटर. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने धरले, तर २४० दिवसांना ३६,००० लिटर. पडणाऱ्या पाण्याचा सहावा हिस्साही नाही!

त्यासाठी फेरोसिमेंटच्या २०,००० लिटरच्या दोन गोल टाक्या बांधल्या. लोखंडी सळ्या, कोंबडीजाळी आणि सिमेंटचा गिलावा. भिंत पातळ, त्यामुळे खर्च कमी. छपराची पन्हळ जमिनीपासून अकरा फुटांवर. टाकी साडेसहा फुटांची, तीही जांभ्याच्या अडीच फुटी चौथऱ्यावर. म्हणजे पन्हळीतून पाणी आपोआप टाकीत आणि टाकीतून आपोआप नळाला. पंप लागतच नाही. जी वीज लागत नाही, ती साठवावीही लागत नाही.

पहिल्या पावसाचे पाणी टाकीत घेत नाहीत. धूळ, पालापाचोळा, पक्ष्यांची घाण त्यात वाहून येते, म्हणून पन्हळीच्या नळाला खाली वेगळे तोंड आहे. छप्पर धुऊन निघाले की ते बंद करायचे. टाकीला घट्ट झाकण, कारण उजेड गेला की शेवाळ धरते आणि फट राहिली की डास होतात. पिण्याचे पाणी उकळून घेतात.

वुजूच्या जागी नळाऐवजी बधना ठेवला आहे. हुजूर (स.) एक मुद पाण्यात वुजू करीत, अशी हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. मुद म्हणजे मोठ्या माणसाची भरलेली ओंजळ, लिटरभरही नाही. आपल्या मशिदींतले धोधो वाहणारे नळ आठवले आणि माझी मान खाली गेली.

मग विजेचा हिशेब. ग्राइंडर ८०० वॅट, दिवसात एक तास. ड्रिल ४०० वॅट, एक तास. हवेचा कॉम्प्रेसर ७५० वॅट, एक तास. दिवे आणि पंखा मिळून १०० वॅट, पाच तास. सगळे मिळून अडीच युनिटांच्या आत. आपल्याकडे स्वच्छ उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते. मग एक किलोवॅट पुरेल? नाही. जुलैत कोकणातले आभाळ भरलेले असते आणि उत्पन्न निम्म्याच्याही खाली जाते. म्हणून दोन किलोवॅट घेतले. तोंड दक्षिणेला आणि कल १८ अंश, कारण मंडणगडचे अक्षांश तेवढेच. खारी हवा आणि वादळ लक्षात घेऊन सांगाडा जस्त चढवलेल्या लोखंडाचा, तोही काँक्रीटच्या पायात पक्का केलेला.

बॅटऱ्या १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या चार. कागदावर ७.२ युनिट. पण शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या निम्म्यापेक्षा जास्त रिकाम्या केल्या तर लवकर मरतात, म्हणून खरी शिल्लक साडेतीन युनिट धरायची. शिवाय मोटर सुरू होताना क्षणभर कित्येक पट वीज ओढते, तेवढा दम इन्व्हर्टरमध्ये हवा. कॉम्प्रेसर आणि ग्राइंडर एकदम सुरू करायचे नाहीत, असा नियमच आहे. जड यंत्रे अकरा ते तीन या उन्हाच्या वेळेतच चालतात. जोडकामाला, म्हणजे वेल्डिंगला, फार वीज लागते. ते आठवड्यातून एक दिवस भाड्याच्या जनरेटरवर होते. हे तो गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.

सगळे सुरळीत आहे असे मी म्हणणार नाही. मागच्या जुलैत सलग पाच दिवस यंत्रे बंद होती. तेव्हा पाने-पक्कड घेऊन हातावरची कामे उरकली. चार-पाच वर्षांनी बॅटऱ्या बदलाव्या लागतील, त्यासाठी दर महिन्याला एका डब्यात पैसे पडतात. या डब्याला घरात कोणी हात लावत नाही, ईदलासुद्धा नाही. कुवेतहून जुन्या मालकाचे फोन अजून येतात. कमाई तिथे जास्त होती, हे तो लपवत नाही. पण मोहल्ल्यातली दोन मुले आता त्याच्या हाताखाली शिकतात. त्यातल्या एकाचा पासपोर्ट तयार होता, तो सध्या पेटीत आहे. उद्या तो निघेलही. निदान हातात कसब घेऊन निघेल.

शेडच्या बाहेरचा एक नळ मात्र गॅरेजच्या हिशेबात नव्हता. भावजयीने तो लावून घेतला. मे महिन्यात टाकीत किती उरले ते काठीने मोजायचे आणि जास्तीचे पाणी वरच्या वाडीतल्या बायकांना द्यायचे. मी होते त्या दिवशी सहा हंडे भरले गेले. वाडी मुसलमानांची नाही. पण तहानेला असली वाडी ठाऊक नसते.

शाळा सुरू झाल्यावर आठवीच्या मुलांना मी क्षेत्रफळाचा धडा याच गणिताने शिकवणार आहे. वाचकहो, तुम्हीही एक टेप घ्या आणि आपल्या घराचे छप्पर मोजा. गावात वर्षाला किती मिलीमीटर पाऊस पडतो ते विचारा आणि गुणाकार करा. अल्लाहने छपरावर किती पाठवले आणि आपण किती वाहून जाऊ दिले, ते त्या एका आकड्यात दिसेल.