राखण

आमच्या वावराचा उत्तरेकडचा बांध संपला की माळ सुरू होतो. उत्तर सोलापूर तालुक्यात, नान्नजच्या आसपास असे माळ पुष्कळ आहेत. हातभर खणले की मुरूम लागतो, नांगर चालत नाही, म्हणून ते तसेच राहिले. याच भागात १९७९ साली सरकारने माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य जाहीर केले. बाहेरचा पाहुणा आला की बांधावर उभा राहून म्हणतो, "गुरुजी, एवढी जागा रिकामी पडलीय, झाडं का लावत नाही?" झाड लावणे पुण्याचे खरेच, पण माळढोकाला मोकळे गवतच लागते. दाट झाडी झाली की तो जागा सोडतो. मी नोकरीला लागलो तेव्हा पावसाळ्यात गळ्याची पिशवी फुगवून घुमणारा नर या डोळ्यांनी पाहिला आहे. आता वर्षानुवर्षे तो आमच्या बाजूला दिसलेला नाही.

मी चित्रकलेचा शिक्षक. २०१४ साली निवृत्त झालो आणि गावातले घर मुलाकडे सोपवून आम्ही दोघे वस्तीवर राहायला आलो. चार एकर कोरडवाहू, एक विहीर, तीही फाल्गुनात तळ दाखवणारी. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मुले बसवायचो. त्यात स्मरणचित्राचा पेपर असे. विषय 'वारी' दिला की मुले एकाच माणसाला पन्नास वेळा काढायची. तोच फेटा, तीच पताका, तेच टाळ. मी रागवायचो, "अरे, नीट पाहिलंच नाही तर आठवणार काय?" वस्तीवर आल्यावर कळले की हा राग मी स्वतःवरच करायला हवा होता. तीस वर्षे फळ्यावर हरीण काढत होतो, पण हरीण कान हलवते तेव्हा मान कुठे असते हे मला ठाऊक नव्हते.

मग बघायला लागलो. सकाळी शेरडांना चारा टाकून झाला की बाभळीखाली घोंगडी अंथरून वही मांडीवर घ्यायची. जलरंगाची डबी, दोन कुंचले, पाण्याचा तांब्या. खोकड संध्याकाळी एका ठरावीक वेळी ओढ्याकडे जाते. धाविक पक्षी चार पावले पळतो, थांबतो, पुन्हा चार पावले पळतो. त्याचा रंग मातीत इतका मिसळतो की थांबला की तो नाहीच. सापमार गरुड, चंडोल, तित्तर, ससे, कधीमधी घोरपड. लांडगा मी मोजून तीनदा पाहिला. धनगराच्या वाड्यावर मात्र त्याचे नाव रोज निघते.

टिटवीचे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. उन्हाळ्यात कुळवाची पाळी घालायची वेळ आली की ही बया नेमकी वावराच्या मधोमध, उघड्या ढेकळांत अंडी घालते. चार अंडी, निमुळती टोके आत, रंग मातीचाच. पहिल्या वर्षी ट्रॅक्टरवाला पोरगा ओरडत खाली उतरला, "गुरुजी, ही पाखरी अंगावर येतीया!" पाहिले तर ती चाकापुढे पंख पसरून उभी. यंत्राला भ्यायचे असते हे तिला कोणी शिकवले नव्हते. आम्ही तिच्याभोवती बाजेएवढी जागा सोडली आणि खुणेला तुराटी रोवली. दुपारच्या उन्हात ती विहिरीच्या पाटाकडे जायची, पोट पाण्यात बुडवायची आणि ओल्या पिसांनी परत अंड्यांवर बसायची. अंडी उबवण्यासाठी नव्हे, थंड ठेवण्यासाठी! आमच्या मंडळी हे पाहून म्हणाल्या, "ओलेत्यानं करतीया बिचारी." टिटवी ओरडली की अशुभ, असे आमच्याकडे मानतात. त्या दिवसापासून घरात तो शब्द निघाला नाही.

हे सारे गोड आहे. आता जे सांगायचे आहे ते गोड नाही, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

काळविटांचा एक कळप माळावर असे. वीस-पंचवीस माद्या-पाडसे आणि त्यात एक पुरता काळा झालेला नर. त्याच्या डाव्या शिंगाचे टोक शेवटच्या पिळापाशी मोडले होते, म्हणून मी त्याला मोडशिंग्या म्हणायचो. पहिल्या वर्षी तो मला शंभर पावलांवरून पाहून उधळायचा. तिसऱ्या वर्षी चाळीस पावलांवर उभा राहून निवांत रवंथ करी. त्याची किती चित्रे काढली याची गणती नाही. डोळ्याभोवतीचे पांढरे कडे आणि पोटाखालची पांढरी धार कागद कोरा ठेवूनच दाखवावी लागते, हे त्याने मला शिकवले. वहीत मी नोंदी करायचो. लेंड्या टाकायची त्याची ठरलेली जागा, दुपारी बसायची जागा, आणि हिवराच्या बुंध्याजवळ बांधाला पडलेले खिंडार. तिथूनच कळप रात्री आमच्या वावरात उतरायचा.

२०१७ साली दोन एकर हरभरा केला होता. कार्तिकीची वारी करून आलो तो शेंडे खुडलेले. माणसाने खुडले तर हरभऱ्याला फुटवा येतो, हरणाने खुडले तर रोपच उपटून येते. बांधाला जुन्या साड्या लावल्या. आठ दिवस चालल्या, पुढे हरणे त्या साड्यांना अंग घासून आत येऊ लागली. बियाण्याचे पैसे, पाळीचे पैसे, मुलाकडून घेतलेले उसने. मंडळी काही बोलल्या नाहीत, पण रोज सकाळी वावर पाहून यायच्या आणि चुलीपुढे गप्प बसायच्या. ते गप्प बसणे मला सोसेना.

मी बाजारातून मासेमारीचे जुने नायलॉनचे जाळे आणले. बरेच जण लावतात. आणि ते कुठे लावायचे हे शोधायला मी माझी चित्रांची वही उघडली.

माउली, इथे मी थोडा थांबतो. तीन वर्षे ज्या डोळ्यांनी प्रेमाने पाहिले, त्याच डोळ्यांनी टिपलेली वाट मी जाळ्यासाठी वापरली. हिवराच्या बुंध्यापासून खिंडाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, ताणून. अडवायचे एवढाच हेतू होता, मारायचे मनात नव्हते, ही खरी गोष्ट आहे. पण जाळे बांधताना हात जरासुद्धा थरथरले नाहीत, हीही खरी गोष्ट आहे.

त्याच दिवसांत गावच्या देवळाच्या सभामंडपात संतचरित्राची चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे होते. प्रसंग तुकोबारायांच्या राखणीचा. महीपतीबाबांनी सांगितलेली ती कथा आपल्याला ठाऊकच आहे. शेतकऱ्याने महाराजांना राखणीला बसवले, पाखरे आली, महाराजांनी त्यांना उडवले नाही, आणि मालकाने त्यांना पंचांपुढे नेले. दिवसा मी भिंतीवर कणसांवर बसलेली पाखरे रंगवत होतो आणि संध्याकाळी घरी येऊन जाळ्याचे खुंट पक्के करत होतो. दोन्हींत काही विसंगत आहे असे मला त्या चार दिवसांत एकदाही वाटले नाही.

पाचव्या दिवशी पहाटे तांब्या घेऊन बाहेर आलो. हिवराखाली काहीतरी धडपडत होते. मोडशिंग्याच होता. दोन्ही शिंगांच्या पिळांत जाळे गुंतले होते आणि सुटण्यासाठी तो फिरत राहिल्याने मानेभोवती दोर झाला होता. मंडळींनी विळा आणला. मी त्याच्या मानेवर हात ठेवून "थांब बाबा, थांब" म्हणत जाळे कापू लागलो. मंडळींनी पाणी आणले, आम्ही तोंडाशी धरले. त्याचे डोळे पांढरे फिरले होते. तीन वर्षे मला ज्याच्या जवळ जायचे होते, त्याच्या अंगाला मी त्या दिवशी पहिल्यांदा हात लावला. जाळे सुटले. तो उठला, दहा-बारा पावले गेला आणि खाली बसला. तासाभराने मान टाकली. अंगावर कुठे जखम नव्हती.

वनरक्षक आले. पंचनामा झाला, माझा जबाब झाला. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे, जाळे माझे आहे हे मी सांगितले. पुढचे कागदोपत्री झाले, ते इथे लांबवत नाही. जाताना त्यांनी एक गोष्ट सांगितली ती मात्र आपल्या शेतकरी माउलींनी लक्षात ठेवावी. हरीण गुंतले तर त्याला कुरवाळू नये, पाणी पाजायला जाऊ नये, बोलू नये. डोळ्यांवर कापड टाकावे, माणसे लांब करावीत आणि १९२६ या क्रमांकावर वनखात्याला कळवावे. हरीण जखमेने मरत नाही तेव्हा धसक्याने मरते. म्हणजे मी ज्याला माया समजत होतो, ते त्याच्या लेखी तोंडाशी आलेले मरण होते.

भिंतीवरचे चित्र अर्धे राहिले. पाखरे झाली, कणसे झाली, माळा झाला, त्यावरच्या महाराजांचा चेहरा राहिला. गावकरी विचारत, मी "रंग संपला" म्हणे.

गळ्यातली माळ २००३ सालापासून आहे, वडील गेले त्या वर्षीची. ती ठेवण्याचा मला अधिकार उरला का, हे आषाढीच्या वाटेवर आमच्या दिंडीच्या वृद्ध विणेकऱ्यांना विचारले. रात्रीचा मुक्काम होता, पायांना तेल चोळत बसलो होतो. सगळे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गुरुजी, माळ उतरवून हरीण उठणार हाय का? राखण करायची तर जागं राहावं लागतं. तुम्ही जाळं लावलं आन् झोपला."

एवढेच. नंतर ते कूस बदलून झोपले. मला वाटले होते ते प्रायश्चित्त सांगतील, किंवा निदान समजूत काढतील.

श्रावणात तो चेहरा पूर्ण केला. जमला नाही. नाक थोडे लांब झाले आहे आणि डोळे मिटलेले आहेत, उघडे काढायचे धाडस झाले नाही. लोक म्हणतात, महाराजांची समाधी लागलेली दाखवली आहे. मी त्यांना म्हणू देतो.

त्या वर्षापासून मी वावरात माळा बांधला आणि रात्री स्वतः राखणीला बसू लागलो. हातात दगड नाही, गोफण नाही. टाळ घेऊन हरिपाठ म्हणायचा. पहिले आठ-दहा दिवस कळप आवाज ऐकून लांब राहिला. नंतर त्यांना सवय झाली, माझा गळाही काही फार चांगला नाही. मग एक अभंग झाला की खाली उतरून बांधाने एक फेरी मारायची, पुन्हा वर चढायचे. थंडीत गुडघे धरतात. मंडळी मध्यरात्री घोंगडी आणि गुळाचा चहा घेऊन येतात आणि तासभर बसतात. लग्नाला चाळीस वर्षे झाली, एवढे बोलणे आमच्यात आधी कधी झाले नव्हते.

शेतीही बदलली. वडिलांच्या काळात पिकाला कडेने करडईचे पाटे घालत. करडईला काटे आले की जनावर आत घुसत नाही. आम्ही शिकलेल्यांनी ती रीत सोडली होती, ती पुन्हा धरली. अर्थात काटे यायला दोन महिने लागतात. तोवर कोवळी करडई माणसाला भाजी म्हणून आवडते तशी हरणालाही आवडते. ते दोन महिने जागरणाचे.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. कथेत पाखरांनी खाऊनही शेवटी धान्य वाढते. माझ्या वावरात वाढले नाही. पूर्वी दोन एकरांत नऊ क्विंटल हरभरा व्हायचा, आता सहा-सात होतो. नुकसानीची भरपाई सरकारकडून मिळते, तिच्यासाठी पंचनामे, उतारे, खेटे. दोन वर्षे मिळाली, एक वर्ष मी कागद वेळेत दिले नाहीत. माझे निवृत्तिवेतन आहे म्हणून मला हे परवडते. शेजारच्या अण्णांना नाही परवडत. त्यांच्या पाच जणांच्या पोटाचा प्रश्न आहे, त्यांना मी उपदेश करायला जात नाही. एकदा फक्त त्यांच्याकडचे जाळे मागून आणले आणि त्याबदल्यात त्यांच्या कडेच्या चार पाट्यांना पुरेल एवढे करडईचे बी दिले. त्यांच्या बांधालाही रात्री एक फेरी मारतो.

ती वही वर्षभर उघडली नव्हती. उघडली तेव्हा खिंडाराचे पान फाडून टाकावे असे वाटले. फाडले नाही. मोडशिंग्याचे शेवटचे चित्र त्याच्या पाठीमागच्या बाजूला आहे.

गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी उजाडताना मंडळींनी मला माळ्याखालून हाक मारली, "अहो, उठा. आलाय बघा." हिवराजवळच्या खिंडारात एक तरणा नर उभा होता. अंग अजून बदामी, पाठीवर काळपटपणा नुकता धरू लागलेला, शिंगांचे पिळ पुरते न झालेले. मी वही चाचपली, पेन्सिल सापडेना. ती मंडळींनीच कानामागून काढून दिली, आदल्या रात्री त्यांनी तिच्याने दुधाचा हिशोब लिहिला होता.

मी पहिली रेघ ओढली. मंडळी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"चित्र काढा, पण करडई खातोय का ते बघा आधी," त्या म्हणाल्या.

खात होता.