वेलिंगब्यू : भाड्याचे घर, आपले गाव

स्टॉकहोमच्या मध्यवर्ती स्थानकावरून पश्चिमेकडे जाणारी हिरव्या मार्गिकेची गाडी काही वेळ भुयारातून धावते आणि मग उजेडात येते. खाली पाण्याची रुंद पट्टी, वर पूल, दोन्ही तीरांवर पाइन आणि बर्च वृक्षांची दाटी. शहर मागे पडत जाते, झाडे पुढे सरसावतात. साधारण अर्ध्या तासाने गाडी वेलिंगब्यूला थांबते. स्वीडिश भाषेत ‘ब्यू’ म्हणजे गाव. नाव गावाचे असले, तरी येथे पाहायला येणाऱ्यांमध्ये नगररचनेचे विद्यार्थी पुष्कळ असतात. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात उपनगर कसे वसवावे, याचा धडा जगातील अनेक देशांनी याच वस्तीकडून घेतला.

स्थानकातून वर येताच फरसबंदीचा चौक लागतो. दगडांची एकात एक वर्तुळे, कारंजे, दुकाने, ग्रंथालय, चित्रपटगृह. चौकाभोवती उंच इमारती आहेत, पण थोडे पुढे गेले की त्यांची जागा तीन मजली घरे घेतात. भिंतींचे रंग फिकट पिवळे, विटकरी, राखाडी. दोन इमारतींच्या मध्ये खडक जसाच्या तसा ठेवलेला, त्यावर शेवाळ आणि शेवाळावर मुलांच्या पावलांची वाट. पादचाऱ्यांच्या वाटा मोटारींच्या रस्त्यांपासून वेगळ्या काढल्या आहेत. मोठा रस्ता आला, तर पायवाट त्याच्या खालून जाते. त्यामुळे शाळेत जाणाऱ्या लहान मुलाचा हात कोणी धरलेला नसला, तरी आईच्या जिवाला घोर लागत नाही.

स्वीडन युद्धात तटस्थ राहिला. त्याची शहरे बाँबहल्ल्यांत उद्ध्वस्त झाली नाहीत. तरीही युद्ध संपले तेव्हा स्टॉकहोममध्ये घरांची टंचाई मोठी होती. खेड्यांतून कामासाठी आलेली कुटुंबे एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्याच जागेत दाटीने राहत. त्या वेळी शहराच्या नगररचना विभागाचे प्रमुख होते वास्तुविशारद स्वेन मार्केलियस. लोकांना दूर कुठेतरी केवळ झोपण्यापुरती घरे देऊन भागणार नाही, घराजवळ काम आणि बाजारही हवा, या विचारावर वेलिंगब्यूची आखणी झाली. काम, निवास आणि केंद्र या तीन गोष्टींच्या स्वीडिश शब्दांची आद्याक्षरे ए, बी आणि सी. म्हणून अशा वस्तीला ‘एबीसी नगर’ म्हणू लागले. आधी रेल्वे आली, १९५२ मध्ये. १४ नोव्हेंबर १९५४ रोजी मधल्या चौकाचे उद्घाटन झाले, तेव्हा सुमारे ७५,००० लोक जमले होते असे सांगतात. बहुमजली घरे स्थानकापासून साधारण अर्ध्या किलोमीटरच्या आत आणि बैठी घरे त्यापलीकडे, असा हिशेब होता. घराजवळ काम हा भाग मात्र कागदावर होता तितका साधला नाही. बहुतेकांना रोज सकाळी गाडी पकडून शहरातच जावे लागले.

या वस्तीचे खरे वेगळेपण नकाशात दिसत नाही, ते भाडेकरारात आहे. अनेक देशांत सरकारने बांधलेली घरे म्हणजे गरिबांची घरे, असे समीकरण असते आणि तेथे राहणाऱ्याच्या कपाळी ते कायमचे चिकटते. स्वीडनने ती वाट नाकारली. नगरपालिकांच्या गृहकंपन्यांनी बांधलेली भाड्याची घरे सर्वांसाठी ठेवली. उत्पन्न अमुक रकमेच्या खालीच हवे, अशी अट घातली नाही. त्यामुळे शिक्षक, बसचालक, परिचारिका, कारकून एकाच जिन्यात आले. भाड्याने राहणे ही तात्पुरती अडचण न ठरता आयुष्यभराची रीत ठरली. कायद्यानेही भाडेकरूला बळ दिले. भाडे वेळेवर भरणाऱ्या आणि शेजाऱ्यांना त्रास न देणाऱ्या भाडेकरूला घरमालक मनात येईल तेव्हा बाहेर काढू शकत नाही. भाड्याची रक्कम सामान्यतः गृहकंपनी आणि भाडेकरूंची संघटना यांच्या वाटाघाटीतून ठरते.

जमिनीची गोष्ट याहून जुनी आहे. स्टॉकहोम शहराने १९०४ पासून आपल्या भोवतालच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली. १९०७ च्या कायद्याने जमीन न विकता ती दीर्घ मुदतीच्या खंडाने देण्याची सोय झाली. म्हणजे ज्याने अशा जमिनीवर स्वतःचे घर बांधले, तोही एका अर्थाने भाडेकरूच. भिंती त्याच्या, पण पायाखालची माती शहराची.

अशा या वस्तीत एका ऑक्टोबर महिन्यात एक मराठी कुटुंब राहायला आले. नवरा जवळच्या शिस्ता भागात संगणक अभियंता, बायको घरी आणि सहा वर्षांची मुलगी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढे घर, तिसऱ्या मजल्यावर. शेगडी आणि शीतकपाट घरासोबत मिळाले. भिंतीला लागून असलेल्या लोखंडी नळ्यांतून गरम पाणी फिरते आणि खोल्या उबदार राहतात, त्याचे पैसे भाड्यातच धरलेले. तळघरात अडगळीच्या सामानासाठी जाळीचा एक कप्पा. खाली जिन्याशी रहिवाशांच्या नावांचा फलक. त्यावर या कुटुंबाचे नाव मात्र नव्हते. नाव होते ज्याच्याकडून त्यांनी घर घेतले त्या तरुणाचे. तो नोकरीसाठी वर्षभर दुसऱ्या शहरात गेला होता आणि गृहकंपनीची परवानगी काढून त्याने घर या कुटुंबाला दिले होते. याला तेथे ‘दुसऱ्या हाताचा’ करार म्हणतात. आडनावाची कागदी पट्टी त्यांनी फक्त दारावरच्या टपालाच्या फटीवर चिकटवली.

नव्या माणसाची येथील पहिली परीक्षा होते ती तळघरातल्या सामायिक धुलाईघरात. भिंतीवर महिन्याच्या तारखांचा फलक असतो. प्रत्येक घराला एक छोटे कुलूप दिलेले असते. हवी ती तारीख आणि वेळ पाहून ते कुलूप त्या भोकात बसवायचे, म्हणजे तेवढे तास यंत्रे आपली. वेळ संपण्यापूर्वी कपडे काढायचे, वाळवण यंत्राच्या जाळीतला कापूस झाडायचा, फरशी पुसायची. पहिल्याच आठवड्यात बाईंना दहा मिनिटे उशीर झाला. परत आल्या तर यंत्रावर चिठ्ठी. शब्द सभ्य, पण अक्षर चिडलेले. त्या रात्री त्यांना वाटले, या इमारतीत आपल्याला कोणी आपले म्हणणार नाही.

चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई दुसऱ्याच दिवशी जिन्यात भेटल्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे. १९५० च्या दशकात, लहान असताना, आईवडिलांचा हात धरून त्या या वस्तीत आल्या होत्या. लग्नानंतर दोन इमारती सोडून पलीकडे घर मिळाले आणि वैधव्यानंतर या लहान घरात त्या आल्या. तिन्ही घरे भाड्याची. त्यांनी आयुष्यात एकही वीट विकत घेतलेली नव्हती, पण अंगणातली लायलॅकची झुडपे कोणी कधी लावली, हे त्यांना पाठ होते. त्यांनी बाईंना पुन्हा तळघरात नेले, कुलूप कसे बसवायचे ते दाखवले आणि सांगितले, ‘‘यंत्र कोणाचेच नाही ना, म्हणून ते सगळ्यांनी सांभाळायचे.’’ मुलगी त्यांना आजी म्हणू लागली. या शब्दाचा अर्थ त्यांनी विचारून घेतला आणि मग हाक मारली की त्या ओ देऊ लागल्या.

हिवाळा आला. डिसेंबरमध्ये स्टॉकहोमचा सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी तीन वाजण्यापूर्वी मावळतो. सूर्यास्तानंतर न जेवण्याचा नियम सासरी-माहेरी पाळलेल्या या घरापुढे मोठाच पेच उभा राहिला. मुलगी शाळेतून येईपर्यंत अंधार झालेला असे. नवऱ्याने कामाच्या ठिकाणी दुपारच्या सुट्टीत भरपेट जेवायचे, बाईंनी दोन वाजता पान वाढून घ्यायचे आणि मुलीला सक्ती करायची नाही, असे शेवटी ठरले. जूनमध्ये हाच सूर्य रात्री दहानंतर मावळू लागला, तेव्हा सूर्यास्तापूर्वी जेवणे फारच सोपे झाले. मग बाईंनी हसून घड्याळाचा नियम लावला. डिसेंबरच्या त्या अंधारात मात्र वस्तीचे एक वेगळे रूप दिसे. प्रत्येक खिडकीत सात दिव्यांची त्रिकोणी समई असावी तसा नाताळपूर्व काळाचा दीप लागे. कोणते घर पहिल्या हाताचे आणि कोणते दुसऱ्या, हे बाहेरून ओळखू येत नसे.

वस्ती शांत आहे, ती या नियमांमुळे. रात्री दहानंतर आवाज नाही, जिन्यात चपला-सायकली नाहीत, कचरा वेगवेगळा. रविवारी माणसे ग्रिम्स्ताच्या राखीव जंगलातून चालत मेलारेन सरोवराच्या काठी जातात, उन्हाळ्यात पोहतात, हिवाळ्यात थर्मासमधली कॉफी पितात. हे जंगल, हा किनारा विकत घेण्याची कोणालाही गरज पडत नाही.

पण या शांततेला एक दार आहे आणि ते फार हळू उघडते. स्टॉकहोममध्ये ‘पहिल्या हाताचा’ करार, म्हणजे स्वतःच्या नावाचे भाड्याचे घर, प्रामुख्याने शहराच्या गृहवाटप कार्यालयाच्या रांगेतून मिळते. हे कार्यालय १९४७ पासून आहे. अठरा वर्षे पूर्ण झाली की नाव नोंदवता येते. त्यानंतरचा प्रत्येक दिवस मोजला जातो आणि ज्याचे दिवस अधिक, त्याचा हक्क आधी. ओळख, वशिला, पागडी यांना जागा नाही. करार पैसे घेऊन विकणे हा गुन्हाच आहे. रांग न्याय्य आहे, पण लांब आहे. तीत सात लाखांहून अधिक नावे आहेत आणि घर मिळायला अलीकडच्या काळात सरासरी नऊ वर्षांच्या आसपास लागली आहेत. गेल्या काही दशकांत हजारो सार्वजनिक घरे रहिवाशांच्या सहकारी संस्थांना विकली गेली, त्यामुळे भाड्याची घरे आणखी कमी झाली. जे आत आहेत त्यांना स्थैर्य आहे. जे उशिरा आले, म्हणजे तरुण आणि परदेशांतून आलेले, ते एका वर्षाच्या करारावरून दुसऱ्या वर्षाच्या करारावर उड्या मारत राहतात. ज्या व्यवस्थेने सर्वांना समान मानले, तिच्यात कोण आधी जन्मले आणि कोण आधी पोहोचले, हाच मोठा भेद ठरला.

या कुटुंबाने आल्याच्या दुसऱ्या महिन्यात रांगेत नाव घातले होते. सप्टेंबरमध्ये त्या तरुणाचे पत्र आले. त्याची नोकरी संपली होती, तो परत येत होता. मुलीची शाळा, तिच्या मैत्रिणी, वरच्या मजल्यावरची आजी हे सगळे चालण्याच्या अंतरावर होते. नवे घर मिळाले ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, तेही दुसऱ्या हाताचे, तेही वर्षभराचे. कायद्याच्या दृष्टीने कोणाचेही चुकले नव्हते. मुलीला हे समजावणे मात्र अवघड गेले. आजींचे घर कधीच त्यांच्या मालकीचे नव्हते, तरी त्यांना कोणी जा म्हणत नाही. मग आपल्यालाच का? या प्रश्नाचे उत्तर आईवडिलांनी दिवसांच्या आकड्यांत दिले. नऊ वर्षे म्हणजे तीन हजारांहून अधिक दिवस, आणि त्यांच्या खात्यावर जेमतेम तीनशे.

घर सोडताना ते झाडून, पुसून, घासून द्यावे लागते. शेगडीच्या मागची भिंत, खिडकीच्या दोन काचांमधली जागा, शीतकपाटाच्या खालची फरशी, सगळे तपासले जाते. दोन दिवस ते काम चालले. आजी बादली घेऊन खाली आल्या आणि न विचारता खिडकी पुसू लागल्या. शेवटी दारावरची आडनावाची पट्टी काढली. धुलाईघराचे कुलूप फलकावरून काढून किल्ल्यांच्या जुडग्यात परत ठेवायचे होते. मुलीने ते हातात घेतले आणि विचारले, पुढच्या मंगळवारी संध्याकाळी आपण वेळ घेतली होती, ती आता कोणाला मिळेल?

‘‘जो आधी येऊन कुलूप लावील त्याला,’’ आजी म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी आपल्या जुडग्यातले कुलूप काढले आणि मंगळवारच्या त्या भोकात बसवले. सरोवराकाठी जाऊन आल्यावर मुलीचा पोहण्याचा पोशाख नेहमी त्याच संध्याकाळी धुतला जाई. नवे घर कितीही लांब असले, तरी गाडी येथपर्यंत येतेच, असे त्यांनी तिला सांगितले.